तलवारींची नव्वी
तलवारींची नव्वी किंवा नाइन ऑफ सोर्ड्‌स हे ७८ पत्त्यांच्या टॅरो संचातील एक पान आहे. चिंता व निद्रानाश यांचे ते प्रतीक मानले जाते.

चित्र
१९०९ मध्ये लंडन येथे प्रकाशित झालेल्या रायडर-वेट संचातील चित्र पामेला कोलमन स्मिथ यांनी रेखाटले. त्यात रात्री अंथरुणात उठून बसलेली, ओंजळीत तोंड लपवलेली व्यक्ती दिसते. पांघरुणावर गुलाब व राशिचिन्हे असून मागील काळोखात नऊ तलवारी आडव्या आहेत.

अर्थ
संचाचे संकल्पक आर्थर एडवर्ड वेट यांनी मृत्यू, अपयश व निराशा हे अर्थ दिले. पुढील पानात, म्हणजे दश्शीत, तलवारी पाठीत रुतलेल्या आहेत. नव्वीत मात्र शरीरावर जखम दिसत नाही. त्यामुळे संकटापेक्षा त्याची भीती मोठी, असा अर्थही लावला जातो.

चिकित्सा
टॅरोच्या भाकितांना वैज्ञानिक आधार नाही. श्याम मानव यांनी स्थापन केलेली, नागपूर येथे मुख्यालय असलेली अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती भविष्यकथनाच्या दाव्यांना विरोध करते. दीर्घकाळ टिकणारी चिंता हा उपचारसाध्य विकार असू शकतो. अशा उपचारांसाठी नागपुरात शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. केंद्र शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर निःशुल्क समुपदेशन मिळते.