बीड तडकलं की…

मेढ्यात काकांच्या जुन्या एचएमटी झेटरच्या ब्लॉकला तडा गेला. पिंजोरला १९७१ मध्ये हे ट्रॅक्टर बनायला लागले, २०१६ मध्ये सरकारनं तो कारखाना बंद करायचं ठरवलं. नवा ब्लॉक आणायचा कुठून? भाताची चिखलणी तर आठवड्यावर!

ब्लॉक बिडाचा. बीड कडक पण ठिसूळ. तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं की तडकतं. आपल्या भागाची बिडाशी ओळख तशी जुनी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना काढला. तीच किर्लोस्करवाडी. लोखंडी नांगरानं जमिनीला विष चढेल, असं तेव्हा शेतकऱ्यांना वाटायचं. पहिल्या महायुद्धात कच्चं लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. काय भारी ना?

पण ब्लॉक वितळवून चालत नाही, आहे तसाच सांधावा लागतो. रॉकेल लावून पुसलं, वर खडूची पूड टाकली, की तड्याची ओली रेघ दिसते. दोन्ही टोकांना भोक पाडायचं, म्हणजे तडा पुढे पळत नाही. मग निकेल रॉडनं इंच-इंच वेल्डिंग, लगेच हलकी हातोडी, आणि हात ठेववेल इतकं गार झाल्यावरच पुढचा इंच. घाई केली की शेजारी नवा तडा. आमचा तडा बाहेरच्या, पाण्याच्या बाजूला होता म्हणून जमलं. सिलिंडरपर्यंत गेलेला असेल तर घरी नाद करू नका.

पाणी भरून रात्रभर ठेवलं. सकाळी खालचा पुठ्ठा कोरडा. काका आत्ता खाचरात आहेत.