टाळ्यांच्या आड काय असतं? जॅझ गायनाच्या 'लाइव्ह' रेकॉर्डकडे साधन म्हणून बघताना

संगीताच्या इतिहासावर सिनॉप्सिस लिहिताना साधनांच्या यादीत 'लाइव्ह ध्वनिमुद्रणे' असा एक मुद्दा हमखास येतो. त्याच्यापुढे बहुतेक वेळा 'प्राथमिक साधन' असं लिहून विषय संपवलेला असतो. मोडी कागद असेल तर आपण लगेच विचारतो, की हा मूळ आहे की नक्कल, नक्कल कुणी केली, कधी केली, मधल्या ओळी कुणी घातल्या. रेकॉर्डला मात्र हे प्रश्न आपण विचारत नाही. कानाला ऐकू येतंय ना, मग झालंच असणार!

माझं काम जॅझ गायिकांच्या लाइव्ह रेकॉर्डवर आहे. आज त्यातल्या एका बाजूबद्दल लिहिते. हे रेकॉर्ड तयार कसे होत गेले, आणि ते 'वाचायचे' कसे?

सुरुवात १६ जानेवारी १९३८ पासून करू. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बेनी गुडमनच्या बँडचा कार्यक्रम झाला. अल्बर्ट मार्क्स नावाच्या गृहस्थाने तो ध्वनिमुद्रित करून घेतला, तो आपल्या बायकोला भेट द्यायला. बायको हेलन वॉर्ड, म्हणजे गुडमनच्याच बँडची आधीची गायिका. मंचाच्या वर टांगलेला माइक, तिथून तारेने दूर स्टुडिओत गेलेला आवाज आणि तिथे कोरल्या जाणाऱ्या ॲसिटेटच्या तबकड्या, एवढाच कारभार. मार्था टिल्टन 'लॉक लोमंड' गाते ते यात ऐका. तिचा आवाज बँडच्या पुढे नाही, बँडच्या आत आहे. कारण मिक्सिंग असं काही झालेलंच नाही. कोण किती मोठ्याने ऐकू येणार हे मंचावरच्या अंतरांनी ठरवलं. पुढे या तबकड्या एका कपाटात पडून राहिल्या, १९५० मध्ये सापडल्या आणि त्याच वर्षी त्यांची एलपी निघाली. जाता जाता नोंद करून ठेवा: हे मुद्रण विकण्यासाठी केलेलंच नव्हतं. साधन कोणत्या हेतूने जन्माला आलं, हा इतिहासाच्या पेपरातला पहिला प्रश्न इथे फार उपयोगी पडतो.

विकण्यासाठी लाइव्ह जॅझ हा धंदा मोठा केला तो नॉर्मन ग्रान्झने. जुलै १९४४ मध्ये लॉस एंजेलिसच्या फिलहार्मोनिक ऑडिटोरियममध्ये त्याने 'जॅझ ॲट द फिलहार्मोनिक' या मैफिली सुरू केल्या. त्यांची मुद्रणं तबकड्यांवर आली आणि लोकांनी ती उचलून धरली. काळ्या-गोऱ्या प्रेक्षकांना वेगवेगळं बसवणाऱ्या सभागृहांशी ग्रान्झ भांडत असे, तो भाग वेगळ्या लेखाचा. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की प्रेक्षकांचा आवाज हा रेकॉर्डवरचा दोष नसून माल आहे, हे त्याला लवकर कळलं. हाच ग्रान्झ पुढे एला फिट्झजेराल्डचा व्यवस्थापक झाला, आणि १९५६ मध्ये त्याने व्हर्व्ह ही कंपनी काढली.

आता बर्लिन. १३ फेब्रुवारी १९६०, डॉइचलांडहाले. १९३६ च्या ऑलिम्पिकसाठी उभारलेलं हे अवाढव्य सभागृह. एलाबरोबर पियानोवर पॉल स्मिथ, गिटारवर जिम हॉल, बासवर विल्फ्रेड मिडलब्रुक्स आणि ड्रम्सवर गस जॉन्सन. कार्यक्रमात एला 'मॅक द नाइफ' घेते. हे गाणं मुळात बर्लिनचंच. १९२८ मध्ये तिथे आलेल्या ब्रेख्त-वाइल यांच्या संगीतिकेतलं. आपल्याकडे पु. ल. देशपांडे यांनी याच नाटकाचं 'तीन पैशाचा तमाशा' केलं, म्हणजे मॅक तसा मराठी वाचकाला अनोळखी नाही. एला सुरू करण्याआधीच सांगून टाकते, की शब्द आठवतील अशी आशा आहे. आणि गाण्याच्या मध्यावर ते खरोखर विसरते. थांबत नाही. विसरल्याचंच कवन रचून गाते, बॉबी डॅरिन आणि लुई आर्मस्ट्राँग यांची नावं त्यात गुंफते, आर्मस्ट्राँगचा घोगरा आवाज काढते. या मुद्रणाला ग्रॅमी मिळाली आणि 'उत्स्फूर्तता' या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला एक तयार उदाहरण मिळालं.

बरं, यात अडचण कुठे आहे? स्टुडिओत असं झालं असतं तर टेप थांबवून पुन्हा घेतलं असतं. इथे तसं करता येत नव्हतं हे खरं. पण रेकॉर्डवर ते *ठेवायचं* हा निर्णय टेबलावर, नंतर, शांतपणे घेतलेला आहे. एलपीच्या एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं मावतात. मैफल त्याहून लांब असते. काय जाणार, काय राहणार, हे कुणीतरी निवडतं. १९९३ मध्ये या मैफलीची 'संपूर्ण' म्हणून सीडी आली, तिच्यात एलपीवर नसलेली गाणी आहेत. म्हणजे तेहेतीस वर्षं लोक जिला बर्लिनची मैफल म्हणत होते, ती बर्लिनच्या मैफलीतून काढलेली एक निवड होती. विसरलेले शब्द आपल्याला माहीत आहेत, कारण ते निर्मात्याला आवडले. जे विसरणं आवडलं नसेल ते रेकॉर्डवर येणार कसं? एका निवडलेल्या चुकीवरून गायिकेच्या सगळ्या स्वभावाचा सिद्धान्त मांडायचा म्हणजे एका ताम्रपटावरून राजघराण्याची नीती ठरवण्यासारखं आहे.

इथून पुढचा भाग थोडा तांत्रिक आहे, पण तो टाळू नका.

मंचावर गायिकेसमोर माइक असतो. तो फक्त तिचा आवाज घेत नाही. मागचे ड्रम्स, शेजारचा पियानो, सभागृहाचा घुमारा, सगळं त्यात शिरतं. याला ध्वनिमुद्रक 'ब्लीड' म्हणतात, आपण गळती म्हणू. आवाज एका सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. ड्रम्सपासून गायिकेचा माइक साडेतीन मीटरवर असेल, तर झांजेचा ठोका ड्रम्सच्या माइकमध्ये आधी आणि गायिकेच्या माइकमध्ये साधारण दहा मिलिसेकंदांनी नंतर पोचतो. दोन्ही माइक एकत्र केले की काही कंपनं एकमेकांना खातात आणि झांज पातळ, पोकळ वाटते. शिवाय गायिका हळुवार ओळ घेते तेव्हा तिचा माइक वाढवावा, तर तिच्याबरोबर झांजही वर येते. लाइव्ह जॅझ गायनाचं मिक्सिंग म्हणजे बरंचसं या गळतीशी केलेली तडजोड.

त्यात भर म्हणजे गायिका स्वतःही मिक्सिंग करत असते. माइकच्या अगदी जवळ गेलं की आवाजाचा खर्ज भरदार होतो, दूर गेलं की हलका. तार स्वराला मान किंचित मागे, कुजबुजीला ओठ जवळ. मुरलेल्या गायिका हे सहज करतात. त्यामुळे 'आवाजाचा पोत बदलला' असं लिहिण्याआधी तो गळ्याने बदलला, मानेने बदलला की मिक्सरच्या दांड्याने, हे ठरवावं लागतं. त्या वेळच्या मैफली सहसा एक, दोन किंवा तीन ट्रॅकवर घेतल्या जात. म्हणजे बरेच निर्णय कार्यक्रम चालू असतानाच कायमचे होऊन बसत.

ध्वनिमुद्रकाला ही गळती नकोशी असते. संशोधकाला मात्र ती साक्षीदार म्हणून हवी असते! गायिकेच्या माइकमधले दूरचे ड्रम्स आणि सभागृहाचा घुमारा गाणंभर सारखे ऐकू येतायत, आणि मध्येच एका ओळीपुरते कोरडे पडले, तर शंका घ्या. ती ओळ नंतर स्टुडिओत गायली गेली असू शकते, किंवा दुसऱ्या रात्रीची असू शकते. पक्का पुरावा म्हणून याकडे बघू नका, पण चौकशी कुठून सुरू करायची ते यावरून कळतं.

दुसरी जागा टाळ्यांची. टेप ब्लेडने तिरपी कापून दुसऱ्या तुकड्याला चिकटपट्टीने जोडतात. चालू स्वरात जोड दिला तर कान पकडतो. टाळ्यांना मात्र ना सूर ना लय, नुसता दाट गोंगाट. त्यात जोड बेमालूम लपतो. म्हणून लाइव्ह एलपीतले सांधे शोधायचे तर गाणं ऐकू नका, टाळ्या ऐका. शेवटचा स्वर सभागृहात घुमून विरतो का, की विरण्याआधीच टाळ्यांनी झाकला जातो? टाळ्या ओसरताना खोलीचा आकार बदलल्यासारखा वाटतो का? ओळखीची एखादी शिट्टी दोनदा तर वाजत नाही ना? आपल्याकडच्या मैफिलींच्या खाजगी टेपा हातोहात नक्कल होत फिरतात, तिथेही 'वाहवा' याच कानाने ऐकून बघा.

हे सगळं संशयी मनाचे खेळ वाटत असतील तर न्यूपोर्टचं प्रकरण बघा. ते गायनाचं नाही, पण पद्धत शिकवायला त्याच्याइतकं चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. ७ जुलै १९५६ ला ड्यूक एलिंग्टनच्या बँडने न्यूपोर्टचा महोत्सव गाजवला. सॅक्सोफोनवादक पॉल गोन्साल्विसने सत्तावीस आवर्तनांचं एकल वादन केलं. कोलंबियाने एलपी काढली, ती तुफान खपली. पण तिच्यातला बराचसा भाग दोन दिवसांनी स्टुडिओत पुन्हा वाजवून, वर टाळ्या चढवून तयार केलेला होता. त्यात त्या रात्री गोन्साल्विस कोलंबियाच्या माइकऐवजी 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या रेडिओच्या माइकसमोर वाजवत होता, त्यामुळे एलपीवर तो लांबून आल्यासारखा ऐकू येतो. पुढे रेडिओची स्वतंत्र टेप हाती लागली आणि फिल शाप या अभ्यासकाने कोलंबियाची मोनो टेप एका बाजूला, रेडिओची मोनो टेप दुसऱ्या बाजूला, अशा दोन्ही जुळवून १९९९ मध्ये स्टिरिओ आवृत्ती काढली.

पुण्यात शिकणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. भांडारकर संस्थेत सुकथनकरांनी आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी महाभारताच्या हस्तलिखितांचं जे केलं, त्याच जातीचं हे काम आहे. प्रती गोळा करा, ताडून बघा, प्रक्षिप्त बाजूला काढा. आणि त्या कामाची मर्यादाही इथे तशीच लागू होते: चिकित्सक आवृत्तीतला पाठ जसाच्या तसा कुठल्याच एका पोथीत नसतो. १९९९ च्या न्यूपोर्टमधला तो डावा-उजवा पसारा त्या रात्री मैदानात बसलेल्या एकाही माणसाने तसा ऐकलेला नाही.

शीर्षकांवरही विसंबू नका. एलाच्या 'ॲट द ऑपेरा हाउस' या अल्बमची १९९० ची सीडी घ्या. तिचा पहिला अर्धा भाग स्टिरिओ, २९ सप्टेंबर १९५७, शिकागोचं ऑपेरा हाउस. दुसरा अर्धा मोनो, ७ ऑक्टोबर, लॉस एंजेलिसचं श्राइन ऑडिटोरियम. दोन शहरं, दोन रात्री, वेगळे घुमारे, आणि पाटी एकच. तळटीपेत नुसतं अल्बमचं नाव आणि साल लिहिणाऱ्याने नेमकं काय ऐकलं, हे वाचणाऱ्याला कळणारच नाही. माझ्या टिपणात प्रत्येक गाण्यापुढे मैफलीची तारीख, सभागृह, मोनो की स्टिरिओ आणि आवृत्तीचं वर्ष असे चार रकाने असतात. कंटाळवाणं आहे, पण करा.

आणि आता सगळ्यात ताजी अडचण. २०२० मध्ये 'द लॉस्ट बर्लिन टेप्स' प्रसिद्ध झाल्या. २५ मार्च १९६२, पुन्हा बर्लिन, या वेळी स्पोर्टपालास्ट. शहरात भिंत उभी राहून सात महिने झालेले. ग्रान्झने तोवर व्हर्व्ह विकली होती, त्यामुळे ही टेप कंपनीकडे न जाता त्याच्या खाजगी संग्रहात राहिली. १९६० आणि १९६२, तेच शहर, 'मॅक द नाइफ' दोन्हीकडे, पियानो आणि बासवर माणसं तीच. तुलनेसाठी याहून चांगली जोडी मिळणार नाही.

पण तुलना करताना एक जपावं लागतं. एक टेप तिच्या काळातच मिक्स होऊन बाजारात आली, दुसरी साठ वर्षांनंतरच्या कानांनी आणि यंत्रांनी तयार केली. आज सॉफ्टवेअर एकाच मोनो मुद्रणातून गायिकेचा आवाज, ड्रम्स, पियानो वेगळे काढू शकतं. बीटल्सचं २०२३ चं गाणं जॉन लेननच्या जुन्या कॅसेटमधून असाच आवाज काढून पुरं केलं गेलं. ऐकणाऱ्याची चैन आहे, तक्रार नाही. पण या प्रक्रियेत पहिली हकालपट्टी होते ती गळतीची, म्हणजे आपल्या साक्षीदाराची. आवाज स्वच्छ होतो, आणि तो कुठल्या खोलीत, ड्रम्सपासून किती लांब गायला गेला, हे सांगणारी खूण पुसली जाते. वरून नवा, गोड घुमारा चढवला की प्रश्नच मिटला. म्हणून नवी आवृत्ती आली म्हणून जुनी खरखरीत एलपी टाकून देऊ नका. आणि संग्रहालयाशी पत्रव्यवहार करताना 'सुधारित' फाइल न मागता टेपवरून थेट उतरवलेली प्रत मागा. हे दोन शब्द पत्रात नसतील तर तुम्हाला सुधारितच मिळेल.

बर्लिनच्या बाबतीत ही खूण दुसरीकडून मिळवायची सोय नाही. स्पोर्टपालास्ट १९७३ मध्ये पाडला, डॉइचलांडहाले २०११ मध्ये. तिथे जाऊन टाळी वाजवून घुमारा मोजता येणार नाही. जो काही उरलाय तो एलाचा शेवटचा स्वर थांबल्यावर आणि टाळ्यांचा लोंढा येण्याआधी जो अर्धा-पाऊण सेकंद मिळतो, त्यात आहे. सध्या मी दोन्ही मैफिलींतले हे तुकडे कापून एका रांगेत लावतेय.