अंगणांतला पट

पट म्हणजे मुळांत कापड. सारीपाट पूर्वीं कापडाचाच शिवीत. त्याला चार फांट्या, प्रत्येकीवर 24 घरें, आणि मधोमध चौक. कवड्यांचें 25 चें दान मोठें, म्हणून त्या खेळाला पचीसी हें नांव पडलें.

राजवाड्यांत हा पट अंगणाएवढा झाला. सोळाव्या शतकांत अकबरानें वसविलेल्या फत्तेपूर शिक्रीच्या फरसबंदीवर तो आजहि दिसतो. बादशहा तेथें दासींना सोंगट्या करून खेळे, अशी आख्यायिका आहे. दान एकाचें, चाल दुसऱ्याची, असा तो खेळ.

महाराष्ट्रांतील मोक्षपटाचा न्याय निराळा. परंपरा त्याचें कर्तृत्व ज्ञानेश्वरांकडे देते. त्यांत सोंगटी म्हणजे खेळणाराचाच जीव. सद्गुणाच्या शिडीनें तो चढतो, दुर्गुणाच्या सापानें घसरतो. हाच खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत सापशिडी होऊन छापला गेला. पुढें घरांवरचीं नांवें गळालीं, आंकडे तेवढे उरले.

कांजूरमार्गासारख्या दाट वस्तीच्या उपनगरांतहि हा पट वाढदिवसाला घरीं करतां येतो. फूटभराचीं शंभर घरें दहा फूट लांबरुंद जागेंत मावतात. जोडलेल्या जुन्या चादरी अथवा खडूनें आंखलेलें अंगण पुरतें. चौकोनी खोक्यावर ठिपके काढले कीं फांसा झाला. आकार शिक्रीचा, न्याय मोक्षपटाचा. येथें जें मूल फांसा टाकतें तेंच चालतें, आणि सापाच्या तोंडीं आलें तर स्वतःच्याच पायांनीं मागें येतें. कोणी कोणाची सोंगटी नसतें. शिड्यांना आणि सापांना नांवें मात्र मुलांनींच द्यावींत. म्हणजे गळालेला अर्थ त्यांच्याच हातून पटावर परत येईल.