गार्डन रीचहून निघालेली आजी

गार्डन रीचला रेल्वेच्या मुख्य कचेरीत बदलून आलेल्या आपल्या मंडळींना मटियाबुर्ज म्हटले की वाजिदअली शहा आठवतो. आम्हांला त्याची आई आठवते. फेब्रुवारी १८५६ मध्ये कंपनीने अवध खालसा केले आणि पदच्युत बादशहा येथे येऊन राहिला. जन्मभर पडद्यात वावरलेली मलिका किश्वर मात्र जूनमध्ये धाकटा मुलगा सिकंदर हश्मत आणि नातू हमीद अली यांना घेऊन आगबोटीने विलायतेस निघाली. वतनासाठी कोर्टाची पायरी चढणाऱ्या आजीबाई आपल्याकडेही होत्या. पण समुद्र ओलांडणारी ही एकच! आपले रंगो बापूजी साताऱ्यासाठी लंडनमध्ये वर्षानुवर्षे झगडून १८५३ मध्ये रिकाम्या हातांनीच परतले होते.

जुलै १८५७ मध्ये व्हिक्टोरिया राणीची भेट झाली. तोवर इकडे उठाव होऊन वाजिदअली फोर्ट विल्यममध्ये कैदेत पडला होता. ऑगस्टमध्ये लॉर्डांच्या सभेपुढे गेलेला अर्ज, त्यात ‘नम्र’ हा शब्द नाही म्हणून, नाकारला गेला. मसुदे लिहिण्यात हयात घालविणाऱ्या आम्हांला हे वाचून हसू येत नाही.

परतीच्या वाटेवर, जानेवारी १८५८ मध्ये, ती पॅरिसला वारली. पेर लाशेझच्या दफनभूमीत तिला पुरले. पुढच्याच महिन्यात सिकंदर हश्मतलाही तेथेच. वाजिदअली सुटून मटियाबुर्जला परतला तो १८५९ मध्ये.