मुकुट आणि साडी: अजिंठ्याची भिंत व सत्यजित राय यांचा कॅमेरा

१/ कथेत शंभर गोष्टी घडतात. चित्रात वा पडद्यावर त्यांतल्या मोजक्याच दाखवता येतात. त्या कोणत्या निवडायच्या आणि प्रत्येक किती जवळून दाखवायची, यात दिग्दर्शकाची कसोटी लागते. ही कसोटी सिनेमाहून पुष्कळ जुनी आहे. जळगावपासून सुमारे ६० किलोमीटरांवर, अजिंठ्याच्या चित्रकारांनी ती दीड हजार वर्षांपूर्वी दिली. विसाव्या शतकातील एका थोर दिग्दर्शकाने विद्यार्थिदशेत त्या भिंती पाहिल्या होत्या.

२/ अजिंठा आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे. पण त्याच्या पायथ्याची वाघूर नदी उत्तरेकडे खानदेशात उतरते आणि तापीला मिळते. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात येथील अनेक लेणी कोरली व रंगवली गेली. १७ व्या लेण्याचा लेख एका मांडलिक राजघराण्याची माहिती देतो. त्या घराण्याचा ऋषीक देश म्हणजेच खानदेश, असे मत वा. वि. मिराशी यांनी मांडले.

३/ आता १६ व्या लेण्यातील एक चित्र पाहा. बुद्धाचा सावत्रभाऊ नंद भिक्षू झाला आहे आणि ती वार्ता त्याच्या पत्नीपर्यंत, सुंदरीपर्यंत, आली आहे. या दृश्यात नंद नाही. एक सेवक त्याचा मुकुट घेऊन उभा आहे. सुंदरीची मान कलली आहे, डोळे मिटत आले आहेत, दासी तिला सावरत आहेत. पतीने घर सोडले, हे सांगायला चित्रकाराला एक रिकामा मुकुट पुरला. घटना बाजूला ठेवून त्याने तिचा आघात रंगवला.

४/ १७ व्या लेण्यात दुसरा निर्णय दिसतो. ज्ञानप्राप्तीनंतर बुद्ध कपिलवस्तूत परततो आणि भिक्षापात्र घेऊन यशोधरा व राहुल यांच्यासमोर उभा राहतो. चित्रकाराने बुद्धाची आकृती विराट रंगवली आणि मायलेकांना त्याच्यापुढे अगदी लहान केले. पती आणि पिता म्हणून घरातून गेलेला माणूस आता त्यांच्या आवाक्यापलीकडे गेला आहे, हे केवळ आकारातून कळते. कॅमेऱ्याच्या भाषेत ज्याला दूरचे व जवळचे दृश्य म्हणतात, त्याचेच हे भिंतीवरचे रूप.

५/ एका बाबतीत मात्र भिंत आणि पडदा यांचे नियम वेगळे आहेत. भिंतीवर सगळे प्रसंग एकाच वेळी समोर असतात. म्हणून अजिंठ्यात कित्येकदा मांडणी काळाऐवजी स्थळाने होते: राजवाड्यात घडलेले प्रसंग शेजारी शेजारी, वनातले दुसरीकडे. प्रेक्षक चालत जातो आणि कथा स्वतः जुळवतो. चित्रपटात प्रेक्षक बसलेला असतो. क्रम दिग्दर्शकाला ठरवावा लागतो.

६/ हा वारसा बंगालपर्यंत पोहोचला. १९०९ ते १९११ दरम्यान लेडी हेरिंगहॅम यांच्या मोहिमेत अजिंठ्याच्या नकला करणाऱ्यांमध्ये तरुण नंदलाल बोस होते. पुढे ते शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख झाले. १९४० ते १९४२ या काळात सत्यजित राय तेथे शिकले. त्याच दिवसांत सहाध्यायांसोबत त्यांनी अजिंठा, वेरूळ, खजुराहो पाहिले. भारतीय कलेकडे पाहण्याची दृष्टी या वर्षांनी दिली, असे राय पुढे सांगत.

७/ ‘पथेर पांचाली’साठी त्यांनी रूढ पद्धतीची पूर्ण पटकथा लिहिली नाही. वहीत एकामागून एक चित्रे काढली आणि शेजारी टिपणे केली. थोरल्या अपूचा प्रवेश आठवावा: तो पांघरुणात आहे, दुर्गा त्याला जागे करते आणि पडदाभर दिसतो एक उघडणारा डोळा. पुढचे सारे जग या डोळ्यासमोरून जाणार आहे, हे त्या एका दृश्यात सांगून होते.

८/ आणि दुर्गाच्या मृत्यूनंतरचा प्रसंग. बाप हरिहर गावी परततो. काय घडले हे त्याला ठाऊक नाही. आणलेल्या वस्तू तो एकेक दाखवतो आणि दुर्गासाठी आणलेली साडी पत्नीपुढे धरतो. सर्वजया कोसळते. तिचा टाहो ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाईचा सूर उठतो. सुंदरीपुढे मुकुट, सर्वजयेपुढे साडी: दोन्हीकडे माणूस नाही, त्याची वस्तू आहे. हे दृश्य रायांनी त्या चित्रावरूनच घेतले, असा दावा करण्याचे कारण नाही. दोन कलावंत एकाच प्रश्नाला एकाच उत्तराने सामोरे गेले, एवढे पुरे.

९/ निवडलेल्या दृश्यासाठी किंमतही मोजावी लागते. ऑक्टोबर १९५२ मध्ये रायांनी पांढऱ्याशुभ्र काशफुलांच्या माळावर चित्रीकरण सुरू केले. पुढच्या खेपेस पाहतात तो गुरांनी फुले फस्त केलेली. दुसरा माळ शोधून काम उरकता आले असते. पण रायांनी पुढच्या बहराची वाट पाहिली. अपू, दुर्गा आणि आगगाडीचे ते दृश्य म्हणूनच आज जसे आहे तसे आहे.

१०/ दोन्ही कलांच्या वाट्याला आगही आली. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून अनेक वर्षे अजिंठ्याच्या नकला केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक जळाल्या. गिल १८७९ मध्ये वारले. त्यांची कबर जळगाव जिल्ह्यात भुसावळला आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांच्या विद्यार्थ्यांनी नव्याने नकला केल्या. १८८५ मध्ये लंडनच्याच साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात त्यांतील अनेक जळाल्या.

११/ १९९३ मध्ये लंडनच्या एका फिल्म प्रयोगशाळेला आग लागली. तेथे ‘पथेर पांचाली’, ‘अपराजितो’ आणि ‘अपूर संसार’ यांच्या मूळ निगेटिव्ह होत्या. करपलेली रिळे जपून ठेवली गेली. पुढे इटलीतील बोलोन्या येथे ती पुन्हा मऊ करून दुरुस्त करण्यात आली आणि जो भाग हाती लागला नाही, तो इतर प्रतींतून घेण्यात आला. २०१५ मध्ये तिन्ही चित्रपट पुन्हा पडद्यावर आले.

१२/ चित्रपटाच्या प्रती अनेक असतात. भिंत एकच असते. चित्रकाराने जे मुद्दाम वगळले, ते पाहणारा मनात भरून काढतो: मुकुट पाहून नंद, साडी पाहून दुर्गा. पण गळून पडलेल्या गिलाव्यावर काय होते, हे कितीही कल्पक मनाला भरून काढता येत नाही. अजिंठ्याच्या लेण्यांत मंद उजेड, मर्यादित गर्दी आणि भिंतीला हात न लावण्याची ताकीद का असते, याचे उत्तर यातच आहे.