गिरणगावचा रविवार

१८८४ सालच्या सप्टेंबर महिन्यात मुंबईस परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा भरल्या. पुढाकार होता ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांचा. तेथे ठरलेल्या अर्जावर पाच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्या झाल्या. या अर्जातील एक ठळक मागणी पैशाची नव्हती. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, पुरी सुट्टी मिळावी, एवढेच तीत मागितले होते. दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागल्या महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, अशा इतर मागण्याही तिच्या सोबत होत्या.

‘पुरी’ या शब्दावर, श्रोतेहो, जरा थांबले पाहिजे. रविवारी गिरणी बंद राहिली तरी कामगार मोकळा होई असे नाही. यंत्रे पुसायची, साफ करायची, ते काम त्या दिवशी त्याच्याच गळ्यात पडे. दिवे नव्हते तोवर काम उजेडाच्या मापाने चाले. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून तेरा-चौदा तास, हिवाळ्यात त्याहून कमी. सूर्य कधी मालकाच्या बाजूने, कधी कामगाराच्या.

आपल्या खेड्यांत आठवड्याची सुट्टी अशी काही वस्तूच नव्हती. म्हणून विसावा नव्हता असे मात्र नाही. सण होते, अमावास्या होती, बाजाराचा वार होता. बैलालासुद्धा वर्षातून एकदा पोळा होता. त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवणारा माणूस गावात तोंड दाखवू शकला नसता. गिरणीत आलेल्या माणसाने पंचांग गावीच ठेवले. यंत्राला अमावास्या कळत नाही. तेव्हा नव्या कामाला नव्या तऱ्हेचा विसावा मागणे भाग होते. तो वार साहेबाच्या प्रार्थनेचा होता खरा, पण साताऱ्या-पुण्याकडून आलेल्या कामगाराच्या देवघरात रविवार हा खंडोबाचा वार म्हणून आधीपासून होताच. त्याला तो परका वाटण्याचे कारण नव्हते.

१८९० च्या २४ एप्रिलला महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायका बोलल्या. नऊवारी नेसलेल्या, दिवसभर कापसाच्या धुळीत उभ्या राहणाऱ्या बाईने दहा हजार पुरुषांपुढे उभे राहून बोलायचे, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १८९१ च्या कायद्याने आठवड्याच्या सुट्टीवर सरकारी शिक्का बसला. बायकांचे काम अकरा तासांवर आले आणि नऊ वर्षांखालच्या मुलाला गिरणीचे दार बंद झाले. या कायद्यामागे मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचा मत्सरही होता, हे आपल्या राष्ट्रीय बाण्याच्या पत्रांनी हिरिरीने सांगितले, आणि ते खोटे नव्हते. पण दुसऱ्याच्या मत्सराने का होईना, ज्याच्या घरी एक दिवस आला त्याला मत्सराचे काय? मला तरी या वादात लोखंड्यांची बाजू खरी वाटते.

आता सुट्टी आली, ती घरात कशी शिरली ते पाहू.

१९११ च्या खानेसुमारीत मुंबईतील दर तीन माणसांमागे दोघे एकेका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होती. दहा बाय दहाची खोली. तीत घरचे लोक, गावाकडचा भाऊ, मेहुणा, शिवाय जेवायला ठेवलेले पाहुणे. दिवसपाळी आणि रातपाळी सुरू झाल्यावर ही खोली एक प्रकारे पाळीनेच वापरली जाई. एक उठला की त्याच वळकटीवर दुसरा निजे. अशा खोलीत रविवार उगवला म्हणजे सगळे पुरुष एकाच वेळी घरी! सहा दिवस यंत्राच्या हिशेबाने जमलेले गणित सातव्या दिवशी विस्कटे. म्हणूनच गिरणगावची माणसे गॅलरीत, जिन्यावर, नाक्यावर आणि मैदानात सापडत. भजनीमंडळे, तालमी, गावकऱ्यांच्या मंडळाच्या बैठका, भेंडीबाजारापासून लालबागपर्यंतची भटकंती, या सर्वांच्या मुळाशी हौस होतीच, पण खोलीत बसायला जागा नव्हती हेही एक कारण होते. हजामत, कपडे, आणि चाळीतल्या लिहित्या मुलाकडून गावाला पत्र, ही कामे त्याच दिवसाची. पोरांना बाप जागा दिसे तोही त्याच दिवशी.

बाईचा रविवार निराळा. गिरणीतील कामगारांत विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत साधारण पाचवा हिस्सा बायका होत्या. बहुतेक वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत. भोंगा त्यांच्यासाठीही थांबे, चूल थांबत नसे. उलट सहा दिवसांचे धुणे, निवडणे, कांडणे रविवारवर साठवलेले असे, आणि मटणाचा बेतही त्याच दिवशी. आपल्या सणांचीही रीत अशीच. नागपंचमीला चिरायचे नाही, तळायचे नाही, तवा ठेवायचा नाही. म्हणून बाईने पुरणाची दिंडे उकडायची! शास्त्राने विळीला आणि तव्याला सुट्टी दिली, विळीवर बसणारीला द्यायची राहून गेली. येथे बसलेल्या भगिनींना याचा अधिक खुलासा करण्याची गरज नाही.

सणांची सुट्टी ही आणखी वेगळी बाब. गणपती, शिमगा आणि वैशाखातली लग्ने आली की कोकणचा चाकरमानी धक्क्यावर बोट धरायला धावे, आणि घाटावरचा आगगाडीला. या रजेचा पगार मिळत नसे. भरपगारी वार्षिक रजा कायद्याने मिळाली ती १९४५ च्या दुरुस्तीने, म्हणजे रविवारनंतर अर्ध्या शतकाने. तोवर मोदकाची किंमत बुडालेल्या मजुरीत मोजावी लागे. पण ज्याचा लूम रिकामा पडे त्याच्या जागी दुसरा कोणी लागे. रोज पहाटे फाटकाशी उभा राहणारा बदली कामगार याच दिवसांची वाट पाही. एकाच्या घरी गणपती बसे, तेव्हा दुसऱ्याच्या घरी पिठाचा डबा भरे. दोघे एकाच चाळीत राहत.

राहता राहिली खानावळवाली. बायकोमुले गावी ठेवून आलेल्या पुरुषांना दोन वेळा जेवू घालणे हा गिरणगावातील हजारो बायकांचा धंदा होता. पंधरा-वीस डबे, दोन पाळ्या, एकच शेगडी. रविवारी जेवणारे सगळे एकदम पानावर बसत, म्हणून तिच्या आठवड्यातला सर्वांत जड दिवस तोच. संपाच्या दिवसांत हिनेच उधारीवर भाकरी घातली. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशा चौदा बायकांना एकत्र करून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभे केले, तेव्हा कुठे बँकेचे दार त्यांना उघडले. १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. भोंगे थांबले, पुरुष ट्रंका घेऊन गावाकडे निघाले, आणि वहीतली उधारी वहीतच राहिली.

कारखान्याच्या कायद्याची व्याख्या मात्र पहात जाण्यासारखी आहे. १८८१ साली शंभर माणसे राबत तो कारखाना. १८९१ साली पन्नास. १९४८ च्या कायद्यात यंत्रशक्ती असेल तर दहा, नसेल तर वीस. खानावळवालीच्या खोलीत माणसे वीस असत. पण ती जेवणारी; राबणारी एकच.