बासरीचा सूर सारखा कसा झाला

पंढरपूरच्या वारीतून आणलेली बासरी आपल्या टेंभुर्णीत घरोघरी सापडेल. पोरगी वाजवायला बसते. मधले सूर बरे लागतात, पण सगळी भोकं बंद केली की नुसती फुसफुस, आणि वरचे सूर कर्कश. मग आपणच म्हणतो, "तुझ्यात दम नाही." त्यात दमाचा दोष थोडाच असतो.

हीच अडचण सोडवायला एका माणसानं आयुष्य घातलं. पन्नालाल घोष १९११ साली बारीसालला, म्हणजे आताच्या बांगलादेशात, जन्मले आणि १९४० मध्ये मुंबईला आले. तोवर बासरी म्हणजे लोकगीतांचं आणि साथीचं वाद्य. ख्यालाला लागणारा खालचा गंभीर सूर आखूड बासरीत मावत नव्हता. त्यांनी सुमारे ३२ इंचांची जाड बासरी घेतली. त्यासाठी लांब पेराचा बांबू लागतो. सहा भोकांच्या खाली करंगळीसाठी सातवं भोक पाडलं, म्हणून खालच्या पंचमावरून तीव्र मध्यमावर न तुटता उतरता येऊ लागलं. १९६० साली ते गेले.

त्यांचे गुरू अल्लाउद्दीन खाँ. त्यांची लेक अन्नपूर्णा देवी मुंबईत राहायच्या, सूरबहार वाजवायच्या. त्यांनी मैफली सोडल्या आणि घरात शिकवलं. हरिप्रसाद चौरसिया सिनेमांत वाजवून नावाजलेले होते, तरी त्यांच्याकडे पुन्हा पहिल्यापासून शिकायला बसले. नव्यानं सुरुवात म्हणून बासरी उजवीकडची डावीकडे धरली. बाई स्वतः बासरी वाजवत नव्हत्या, गाऊन सूर दाखवायच्या. बासरीच्या इतिहासात आपल्याला हेच पान मोठं वाटतं, आणि तेच कमी सांगितलं जातं. पुढे चौरसियांकडे देबोप्रिया आणि सुचिस्मिता या बहिणी शिकल्या, आता मैफली करतात.

आता आपल्या पोरींचं. खालच्या सुराला ओठांची फट जरा मोठी, फुंकर संथ. वर जाताना फट बारीक, फुंकर वेगाची, पण गाल फुगवून जोर लावायचा नाही. कोमल सुराला भोक अर्धं झाकतात, तिथं आवाज मंद होतो. बोट किंचित सरकवून तो इतर सुरांच्या जोडीला आणायचा. रोज एकेक सूर एका श्वासात लांबवायचा. लहान हाताला ३२ इंची बासरी झेपत नाही, आखूडच बरी. आणि घेताना सगळी भोकं बंद करून खालचा सूर निघतो का, ते दुकानदारालाच वाजवून दाखवायला सांगा.